पाण्याला मनाई

देवरावकाकांनी चिंधूचा हात धरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत नख ओढलं. सावळ्या कातडीवर लखलखीत पांढरी रेघ उठली.

मैदानावरच्या सगळ्या पोरांची तोंडं उतरली. डुंबून आलेल्या अंगावर नख ओढलं की अशी रेघ उठते, हे भिलाईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर पोरं पोहून आली की घरचं तेल चोरून अंगाला चोपडत. आज नेमकी चिंधूच्या घरची बाटली रिकामी निघाली होती.

"खदानीत गेला होता?"

"हो," चिंधू म्हणाला. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"मंग उद्या बाहेर बस."

उद्या! उद्या नंदिनी खाणीच्या वसाहतीतल्या पोरांशी कबड्डीची फायनल होती. वर्षभर चिंधूनं त्याच दिवसाची वाट पाहिली होती, आणि चढाईला त्याच्यासारखा गडी साऱ्या सेक्टरात नव्हता. "काका, गलती हो गई, माफ कर दो ना," बाबुलालनं मित्रासाठी हात जोडले. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

देवरावकाका म्हणजे साधं माणूस नव्हे. कारखान्याच्या भट्टीचे लोखंडी सांगाडे उभे करणाऱ्या टोळीचे ते मुकादम. जमिनीपासून ऐंशी फुटांवर वीतभर रुंदीच्या तुळईवरून विडी ओढत चालायचे. ड्यूटी सुटली की पोरांना कबड्डी शिकवायचे. पोरांनी फुटबॉल खेळावा, हॉकी खेळावी, झाडावर चढून हातपाय मोडून घ्यावेत, त्यांची ना नव्हती. फक्त पाणी नको. "पाण्यानं अंग ढिलं पडते. पाण्यातला गडी मातीत टिकत नाही," हे त्यांचं ठरलेलं. कुठल्या वैद्यानं सांगितलं होतं, देव जाणे!

सोळा वर्षांच्या चिंधूला मात्र दोन्ही हवं होतं. पाण्यात त्याची कोणाशी शर्यत नव्हती. दुपारी तासभर डुंबायचं, दोनचार बुड्या मारायच्या, आणि संध्याकाळी ताजंतवानं होऊन मैदानावर यायचं, एवढंच. कबड्डीतला आपला दम त्या बुड्यांतूनच येतो, अशी त्याची पक्की खात्री होती. आता त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"ढिलं पडते, ढिलं पडते म्हणता, एकदा पाहा त खरं! चला खदानीवर. तुमच्यासमोर बुडी मारतो, आन् तसाच इथं येऊन या सगळ्याईले हात लावून परत जातो. नाही जमलं त उद्या बसतो बाहेर."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "खदानीवर जायचं नाही, सांगून ठेवतो," ते म्हणाले. पण ऐकायला चिंधू होता कुठे? तो केव्हाच धूम पळाला होता.

खदान जुनवानीच्या वाटेवर होती. रस्त्यांसाठी मुरूम काढून काढून झालेला तो खड्डा, पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. काठापासून उतरत उतरत छातीभर पाणी, आणि पुढं एकदम दोन पुरुष खोल. काका धापा टाकत मागे येत होते. ते दिसतील इतके जवळ येईपर्यंत चिंधू थांबला आणि मग त्यानं दगडावरून सूर मारला.

पाण्याखालूनच तो पलीकडे गेला आणि पाण्यात माजलेल्या बेशरमाच्या झुडपात हळूच डोकं वर काढलं. त्याला हसू आवरेना. पाहू द्या म्हाताऱ्याला, दम म्हणजे काय असतो ते!

"चिंधू! अबे चिंधू, नीघ वर!" काका काठावरून ओरडले. पुन्हा ओरडले. आणि पायातल्या जड बुटांसकट पाण्यात उतरले.

चिंधूचं हसू पळालं. मेलो, आता हा माणूस आपल्याला पाण्यातच बदडणार! तो आणखी खाली दबला, नाक तेवढं वर ठेवलं. काका गुडघाभर पाण्यात आले, कंबरभर आले, छातीभर आले. दोन्ही हात खाली घालून ते पाण्यात चाचपत होते. मारायला आलेला माणूस चाचपतो कशाला, हे चिंधूला कळेना. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं, पुढच्या पावलाला खोल होतं.

"काका, पुढं नका येऊ!"

काका दिसेनासे झाले. एक हात वर आला आणि गेला.

चिंधूनं जिवाच्या आकांतानं हातपाय मारले. सदरा हाताला लागला, तसा काकांनी त्याला असा करकचून विळखा घातला की दोघंही खाली गेले. नाकातोंडात पाणी शिरलं. आपण दोघंही इथंच संपलो, असं चिंधूला वाटलं. कसाबसा विळखा सोडवून त्यानं मागून सदऱ्याची कॉलर धरली आणि ओढत राहिला, ओढत राहिला. शेवटी पायाला मुरूम लागला.

काका काठावर पालथे पडून पाणी ओकत होते. चिंधू हमसून हमसून रडू लागला.

"मी तिकडं लपून होतो, काका. मले वाटलं, तुमी माराले येऊन राहिले."

काकांनी त्याचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, पोरगं शाबूत आहे ना ते पाहिलं. मार तर सोडाच, साधी शिवीसुद्धा दिली नाही.

"काका, तुमाले पोहता येत नाही?"

काकांना खोकल्याची उबळ आली. ती सरल्यावर ते म्हणाले, "येत असतं, त तुमाले अडवलं असतं कायले?"