दुसरा गायक

तुमसरच्या राइस मिलमधले हमाल खेमराज आणि कुंदन तरुणपणापासून एकाच विलायती हार्ड रॉक बँडचे वेडे. पन्नाशी उलटली, वेड तेच. काल जेवणाच्या सुट्टीत त्यावरूनच जुंपली. खेमराजनं पोती उचलायच्या हुकानं कुंदनचा गाल फाडला, कुंदननं फावड्यानं त्याचे दोन दात पाडले.

दवाखान्यात पंचविशीतले डॉक्टर भुलीचं इंजेक्शन भरत होते. कुंदनच्या रक्ताळलेल्या टी-शर्टवर त्याच बँडचं चित्र होतं. ते ओळखून डॉक्टर खुशीत हसले.

"कायले भांडले एवढे?"

"मी एवढंच म्हणलो जी," कुंदन गाल दाबून म्हणाला, "पहिल्या गायकापेक्षा दुसरा भारी आहे."



डॉक्टरांनी भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं आणि टाके घालायची सुई उचलली.