कोरा श्वास

मशीनवर शून्य यायला हवं होतं. आलं नाही.

"परत फुंका बाबा," मुलगी म्हणाली. बाबांनी छाती भरून फुंकलं. आकडा पुन्हा वर चढला. मशीन न्यायला आलेला हवालदार मिशीत हसला.

श्वासातली दारू तपासायची पोलिसांची मशीनं आकडा अचूक जुळवून घ्यायला त्यांच्या दुकानात यायची. जुळवून झालं की न पिणाऱ्या माणसाने फुंकून गिऱ्हाइकाला शून्य दाखवायचं, ही दुकानाची रीत. फुंकायचा मान बाबांचा. एकेकाळी बाटलीपायी घर धुळीला मिळवलेल्या या माणसाला तो मुलीने आपण होऊन दिला होता, आणि बाबा तो नवरदेवाच्या थाटात मिरवायचे.

"परत सुरू केलीत?" तिने हवालदारादेखत विचारलं.

"नाही गं. शपथ."

"मशीन खोटं बोलत नाही, बाबा."

बाबांची मान खाली गेली. "चहा पिऊन येतो," एवढंच म्हणून ते बाहेर पडले.

"चालायचंच ताई, बाप आहे," हवालदार म्हणाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या या सांगून तिने त्याला वाटेला लावलं आणि धुसफुसत राहिलेली कामं उरकायला घेतली. एक मशीन स्पिरिटच्या फडक्याने लख्ख पुसलं. राग निवत नव्हता म्हणून त्यात स्वतःच फुंकलं.

जन्मात थेंब न घेतलेल्या मुलीला मशीनने झिंगलेली ठरवलं.

तिने हातातल्या फडक्याचा वास घेतला. बाबांच्या हाती देण्याआधी ते मशीनही तिने असंच पुसलं होतं. गिऱ्हाइकासमोर चकचकीत दिसावं म्हणून, घाईघाईत. स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबायचं, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. शटर तसंच उघडं टाकून ती धावत सुटली.

चहावाल्याकडे बाबा फिरकलेच नव्हते. बसथांब्यामागच्या बाकावर ते एकटेच बसलेले दिसले. तिने त्यांचे दोन्ही हात धरले. तिला रडू आवरेना.

"बाबा, चूक माझी होती. मीच मशीन स्पिरिटने पुसलं होतं. चला, त्या हवालदाराला बोलावते. त्याच्यासमोर परत फुंका."

बाबांनी हात सोडवून घेतले आणि श्वास तिच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून तोंड दुसरीकडे वळवलं.

"नको पोरी. आता मशीन बरोबर दाखवेल."