मागं राहिलेले दोन

सेनगावच्या सायबर कॅफेत सुरजच्या खुर्चीमागं, भिंतीवर कागद डकवलेला होता : ‘सुरज. पहिला भाग. ठार ९,२१४.’ गेमचा दुसरा भाग आला आणि त्याचं डोकंच फिरलं. ग्रह तोच, पहिल्या भागात मारलेले सहा पायांचे प्राणीही तेच. पण आता बंदूक काढून घेतलेली, आणि त्यातल्याच चाळीस जणांना दरीपार न्यायचं. आठवडा झाला, एकही पोचला नव्हता.

मेंढरं राखणारे मुंजाजीमामा लेकीचा बारावीचा निकाल बघायला आले. नेट बंद, पण सुरजचा गेम नेटविना चालायचा, म्हणून शेजारी बसून तोच बघत राहिले.

“पुढं काहून पळून राहिला? मागून चाल.”

सुरज मागून चालला. अडतीस पार झाले. गेमला तेवढे पुरे होते, पडद्यावर फटाके उडाले.

“जिकलो, मामा.”

“दोन मागं हायेत. एक लंगडं हाय. फिर माघारी.”

सुरज फिरला. दोन्ही आणले. पडद्यावर ‘दुसरा भाग पूर्ण’ असं झळकलं. ते वाचून मामांनी निवांत तंबाखू मळायला घेतली.

“पहिल्या भागातबी हेच राखायचे होते का?”

“व्हय,” सुरज म्हणाला, आणि खुर्ची मागं रेटून त्यानं पाठीनं तो कागद झाकला.