गुडघ्याचा फोटो

ब्रह्मदेशच्या लढाईत केनवडच्या उकंडरावचा गुडघा पिरगळला. लष्करी इस्पितळात डॉक्टरांनी त्याला टेबलावर निजवलं. "घाबरू नकोस. आधी बधिर करतो, मग सुईनं सांध्यात औषध सोडतो, म्हणजे फोटोत आतलं सगळं दिसतं. गुडघा फुगल्यासारखा वाटेल, पण दोन दिवसांत ओसरेल." उकंडरावला सुईचं भय नव्हतंच. गुडघा धड निघाला, तर त्याला पुन्हा लढाईवर पाठवणार होते. घरी तीन वर्षांची मुलगी होती, ती त्यानं अजून पाहिलीही नव्हती. "आमच्याकडे आता हरभरा घाट्यावर आला असन, साहेब," तो म्हणाला. औषध शिरलं, गुडघा तटतटला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी ओला फोटो उजेडाकडे धरला. "आतली गादी फाटली आहे. तुला पलटणीतून काढतील. पण आयुष्यभर लंगडशील रे." "पन घरीच नं, साहेब?" त्यानं विचारलं. डॉक्टरांनी मान डोलावताच त्याला रडू कोसळलं.