पहिल्या पानावरची बाई

टेबलासमोर उभ्या राहिलेल्या बाईला रंगनाथने लगेच ओळखलं. आठवड्यापूर्वी त्यानेच तिला पहिल्या पानावर तीन कॉलम दिले होते. करंजगडच्या राणीसाहेबांची अंत्ययात्रा, आणि रस्त्याकडेला धाय मोकलून रडणारी ही बाई. फोटोखालची ओळही त्याचीच होती: ‘आमची माय गेली! राणीसाहेबांच्या अंत्ययात्रेत शोक अनावर झालेली आदिवासी महिला.’ ‘आमची माय गेली’ असं कोणी म्हणाल्याचं बातमीत कुठे नव्हतं. ते त्याला सुचलं होतं.

फोटो गाजला. नाशिकच्या केबलवाल्यांनी तो बातम्यांत दाखवला. संस्थानं गेली पण प्रजेची माया गेली नाही, अशी वाचकांची पत्रं आली. फ्रेम करून लावायला करंजगडच्या वाड्यावरून पाच मोठ्या प्रती मागवल्या गेल्या, आणि त्या पोचत्याही झाल्या.

बाईबरोबर आलेल्या माणसाने घडी घातलेला अंक टेबलावर उलगडला.

“मी यादव. ही माझी भावजय, भागीबाई. ह्यो फोटू हिचा हाय.”

तक्रार असणार, असं धरून रंगनाथ सावरून बसला. “बोला. काय चुकलं?”

“चुकलं काय नाय, साहेब. फोटू अर्धाच हाय. आमाला अख्खा पायजे.”

“अख्खा म्हणजे?”

यादवने फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. “हितं हिची पोर होती. मांडीवर. रोशनी. ती नाय आली.”

रंगनाथला आठवलं. प्रिंटमध्ये बाईच्या मांडीवर काहीतरी होतं खरं, गाठोड्यासारखं. चेहरा मोठा दिसावा म्हणून त्याने छातीखालून लाल पेन्सिलीने फोटो कापायची रेघ ओढली होती. पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरली होती. गाठोड्यात काय आहे हे त्याने पाहिलं नव्हतं.

“कुठंय मुलगी?”

“गेली. त्याच दिशी,” यादव म्हणाला. “तीन दिस ताप होता. दवाखान्यात न्यायला निघाली ही, तर पोलिसांनी रस्ता अडवलेला. राणीसाहेबांची गाडी जाईस्तवर कुणालाच सोडायचं नाय म्हनले. दवाखाना समोर दिसत व्हता. रस्त्याच्या पल्याड.”

भागीबाई पहिल्यांदा बोलली. “फोटू काढला तवा जित्ती व्हती. मी त्या फोटूवाल्याला हात जोडले. म्हनलं, दादा, तुझं ऐकतील ते, तू सांग. तर तो म्हनला, बाई, अशीच बस. हलू नको.”

रंगनाथने फोटोखालची ओळ पुन्हा वाचली.

“तिचा दुसरा फोटू नाय, साहेब,” यादव म्हणाला. “एकबी नाय.”

दोघांना तिथेच बसवून रंगनाथ डार्करूममध्ये गेला. डार्करूम सांभाळणाऱ्या सोमनाथने पाकीट शोधून निगेटिव्हच्या पट्ट्या काचेवर ठेवल्या. रंगनाथने भिंग लावलं. एकामागून एक सात फोटो तिचेच होते. एकात तिचे हात जोडलेले. एकात पोलिसाची काठी आडवी. पाचवा छापलेला. त्यानंतरच्या दोनांत बाई तशीच बसून होती, अगदी सांगितल्यासारखी.

“पाचवा काढ. पूर्ण.”

सोमनाथ वाकून बघत राहिला. “रंगनाथराव, हा बाहेर गेला तर संपादकसाहेबांना काय सांगणार? वाड्यावर पाच कॉप्या लागल्यात भिंतीला.”

“काढ म्हणतो ना.”

ट्रेमधल्या द्रावणात कागदावर आधी बाईचं उघडं तोंड उमटलं, मग पदर, मग मांडी. शेवटी मुलीचा चेहरा. डोळे उघडे होते, आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

रंगनाथने ओला प्रिंट टिपकागदावर ठेवून बाहेर आणला. भागीबाईने दोन्ही तळवे लुगड्याला पुसले. तरी तिने फोटो हातात घेतला नाही. वाकून बघितला.

“कानातलं आलंय बघा,” ती यादवला म्हणाली.

“आलंय.”

“एकाच कानातलं.”

“दुसरा तिकडं हाय ना गं. दिसंल कसा?”

रंगनाथने खिशातला पेन काढला. “उद्या आम्ही खुलासा छापतो. तुमचं नाव, मुलीचं नाव, रस्ता कसा अडवला होता, सगळं. मीच लिहितो. पहिल्या पानावर.”

यादव ताडकन उठला. “नको, साहेब! तेवढं नका करू. घर वाड्याच्या जागेत हाय आमचं.”

“खोटं छापलंय आम्ही. तुम्हाला कोण काय करणार?”

“तुमाला नाय करनार कोन काय.” यादवने आवाज खाली आणला. “परवा राणीसाहेबांचं दहावं हाय. हिला बोलावलंय. अगदी पुढं बसवनार हायेत. केबलवाले यायचेत, मुंबईचेबी कोन कोन यायचेत. वाड्यावरचा मानूस सांगून गेलाय, पेपरात रडली तशीच रडली पायजे म्हनून.”

रंगनाथचा पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला. “आणि तुम्ही जाणार?” त्याने भागीबाईला विचारलं.

तिने टिपकागदासकट फोटो उचलला. अजून ओला होता, म्हणून पदराच्या वाऱ्यावर धरून सुकवू लागली. तिचे डोळे कोरडे होते.

“पुरली तिला, तवापास्नं पानीच येत नाय डोळ्याला,” ती म्हणाली. “परवा हिला बघितलं तर येईल.”