न सांडणारा चमचा

बाबांचा हात थरथरायचा, म्हणून लेकीने न सांडणारा चमचा करायला घेतला होता. दांड्यातली चिमुकली मोटर थरथरीच्या बरोबर उलट हलायची. तिला क्षणाचाही उशीर परवडणारा नव्हता. लेकीने आपल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर त्यासाठी रिअल-टाइम लिनक्स, म्हणजे प्रत्येक हुकूम ठरल्या क्षणीच पाळणारं सॉफ्टवेअर, तयार केलं, पण चमच्यातल्या छोट्या सर्किट बोर्डावर चढवलं की ते सुरू होतानाच मान टाकायचं. तिने वायरी बदलल्या, मोटर बदलली, तसाच दुसरा बोर्डही लावून पाहिला. "होईल गं, मी कुठे पळून चाललोय?" बाबा म्हणायचे. चूक सापडली ती बाबा गेल्यावर. लिनक्स तयार करताना तिने 'समोर असेल तो प्रोसेसर' धरायला सांगितलं होतं, आणि समोर होता तिच्या कॉम्प्युटरचा. त्याला कळणारे हुकूम चमच्यातल्या जुन्या प्रोसेसरच्या गावीही नव्हते. तिने एक शब्द बदलला, चमच्यातल्या प्रोसेसरचं नाव घातलं. चाचणीसाठी टेबलावर एक लोखंडी हात होता. बाबांच्या हाताची थरथर ते असतानाच मोजून त्यात भरून ठेवलेली. तिने त्याच्या मुठीत पाण्याने भरलेला चमचा अडकवला आणि तो हात सुरू केला. हात लटलटू लागला. चमच्यातलं पाणी मात्र जागचं हललं नाही. दारात उभ्या आईचं पाण्याकडे लक्षच नव्हतं. ती पुढे आली आणि बाबा जेवताना त्यांचं मनगट धरायची, तसंच तिने ते लोखंडी मनगट धरलं. "झालं गं आई, बंद करते आता," लेक म्हणाली. "थांब जरा," आई म्हणाली, "जेवण होऊ दे त्यांचं."