नवे देणगीदार

तियामिके फळ्यावर गणित सोडवत होती. खिडकीतून मामाची सायकल फाटकात शिरताना दिसली आणि पुढची पायरी तिला आठवेना. तिला शिष्यवृत्ती देणारी परदेशातली बाई वारल्याची बातमी मलावीतल्या त्या खेड्यात पोचली होती. मामाने लगेच तिचं लग्न ठरवून टाकलं होतं.

"चल, सामान घे," तो वर्गाच्या दारातूनच म्हणाला. "पाहुणे घरी खोळंबलेत."

तियामिके मुख्याध्यापिका चिसाले बाईंच्या पाठीमागे सरकली.

"नेताय कुठे हिला?" बाईंनी विचारलं. "नवे देणगीदार मिळालेत. शाळा संपेपर्यंतची फी भरलीय त्यांनी. मुलगी मध्येच गेली तर ते चौकशीला येतील. त्यांच्याशी तुम्ही बोलाल?"

मामा घुटमळला. काहीतरी पुटपुटत त्याने सायकल वळवली.

तो दिसेनासा झाल्यावर तियामिकेला रडू फुटलं. "कोण आहेत ते, बाई?"

बाई खुर्चीत बसल्या.

"अजून कुणीच नाही, पोरी," त्या हलकेच म्हणाल्या. "तुझ्या मामाला कळायच्या आत कुणीतरी शोधायला हवं."